पाल डीव्हीडी अमेरिकेत चालत नाही, एनटीएससी मध्ये नीट कशी करायची? (जुनं खंजिरी भजन, मिनीडीव्ही)

तर्रीपोहा
नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिलो पण अर्धवट सांगितलं तर कोणालाच काही समजणार नाही म्हणून सगळं लिहितो.

बाबा ज्या भजन मंडळात होते त्यांचा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा खंजिरी भजनाचा कार्यक्रम २००४ मध्ये एका ओळखीच्याने मिनीडीव्हीवर शूट केला होता. दोन कॅसेट, मिळून १०० मिनिटं. बाबा समोरच बसले आहेत खंजिरी घेऊन आणि बाबांचं असं चांगलं रेकॉर्डिंग आमच्याजवळ हे एवढंच आहे. आत्या ओहायोत असते, वय ७८, तिला ते पाहायचं आहे आणि तिला डीव्हीडी लावता येते, बाकी लिंक उघडा, अ‍ॅप टाका, हे तिच्यानं होत नाही आणि आम्हीही तिच्यामागे लागणार नाही.

इथल्या एका दुकानातून डीव्हीडी करून पाठवली तर तिच्या प्लेअरनं ती घेतलीच नाही. दुकानवाला म्हणे रिजन कोडचा लोचा आहे, परत पैसे घेतले आणि दुसरी डिस्क दिली. ती चालते, पण पाहवत नाही. खंजिरीवर हात फिरतात तेव्हा बाबांना चार हात आहेत असं दिसतं, हाताच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात आणि कॅमेरा फिरला की चित्र झटके देत जातं. आत्या बिचारी म्हणाली छान आहे, पण तिच्या मुलाने मोबाइलवर शूट करून पाठवलं तेव्हा कळलं काय पाहून राहिली ती. हे नीट करता येतं का? कोणी केलं आहे का?

बजाजनगर_लिनक्स
एफएफएमपेग नावाचं व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर टाका, त्यात टार्गेट म्हणून एनटीएससी-डीव्हीडी द्यायचं, एका ओळीत फाइल तयार. मग डीव्हीडीऑथरने फोल्डर करून बर्न. एक पैसा लागत नाही.

इतवारीकर
भाऊ आता डीव्हीडी मागणारं गिऱ्हाईक महिन्यात एखादंच येतं माझ्याकडे, पण जे येतं ते असंच येतं, कोणाची आजी, कोणाची आत्या. पेनड्राइव्ह पाठवून पहा आधी. आणि डिस्कच करायची असंल तं चांगल्या कोऱ्या डिस्क आताच घेऊन ठेवा, चांगल्या कंपनीच्या मिळणं कमी होऊन राहिलं.

झिरोमाईल
तर्रीपोहा, हे नीट होतं आणि घरी बसून होतं, फक्त क्रम चुकवायचा नाही.

पहिले रिजनचं. रिजन कोड (डिस्क कोणत्या देशांत चालावी तो आकडा) वेगळा आणि टीव्हीचं स्टँडर्ड (आपलं पाल, अमेरिकेचं एनटीएससी) वेगळं. भारत रिजन ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये, हे खरं, पण तो कोड सिनेमाच्या कंपन्या आपल्या डिस्कवर लावतात. दुकानात बर्न केलेल्या डिस्कवर सहसा रिजन लावलेलाच नसतो, ती कुठेही चालायला मोकळी असते. तुमची पहिली डिस्क अडली ती पालमुळे. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर पाल आणि एनटीएससी दोन्ही चालवतात म्हणून आपल्याला हा प्रश्न कधी दिसत नाही. तिकडच्या बहुतेक प्लेअरना फक्त एनटीएससी येतं.

आता फरक काय तो समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच आहे. पालमध्ये ६२५ ओळी, त्यातल्या चित्राच्या ५७६, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे ५० फील्ड (फील्ड म्हणजे अर्धी फ्रेम). एनटीएससीत ५२५ ओळी, डीव्हीडीवर ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम म्हणजे ५९.९४ फील्ड. ५० आणि ६० हे मुळात विजेवरून आले, आपली वीज ५० हर्ट्झ, त्यांची ६०. सरळ ३० नाही आणि २९.९७ काहून, तर १९५३ मध्ये तिकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये घुसू नये म्हणून वेग हजाराला एक इतका कमी केला, तो आजपर्यंत तसाच आहे. आपल्याकडे १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पालमध्ये, त्यामुळे आपले कॅमेरे, व्हीसीआर, लग्नाच्या कॅसेट सगळं पाल.

तुमच्या कॅमेऱ्याने सेकंदाला २५ पूर्ण फोटो काढलेले नाहीत. त्याने ५० अर्धे फोटो काढले आहेत, एकदा सगळ्या सम ओळी, एक पन्नासांश सेकंदाने सगळ्या विषम ओळी, आणि दोन्ही एका फ्रेममध्ये विणून ठेवले आहेत. खंजिरीवर थाप पडताना एका फील्डमध्ये बोटं वर आहेत आणि त्याच फ्रेमच्या दुसऱ्या फील्डमध्ये कातड्याजवळ आली आहेत. हे दोन वेगळे क्षण आहेत. आता अशी विणलेली फ्रेम जशीच्या तशी ५७६ वरून ४८० वर दाबली तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात आणि नंतर जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर त्या वेगळ्या करू शकत नाही. वेणी सोडल्याशिवाय केस विंचरता येत नाहीत, तसं आहे हे. तुमच्या दुसऱ्या डिस्कवर कंगव्यासारख्या रेघा आहेत त्या यामुळेच, आणि चार हात आहेत ते २५ च्या २९.९७ करताना शेजारच्या फ्रेम अर्ध्या-अर्ध्या मिसळल्यामुळे.

बजाजनगर_लिनक्स यांनी सांगितलेल्या टार्गेटमध्ये साइज, फ्रेमरेट, बिटरेट, डीव्हीडीला लागणारे आकडे बरोबर भरले जातात, पण फील्ड सुटे करण्याचं काम त्यात नाही. मोबाइलवर किंवा सिनेकॅमेऱ्यासारखं पूर्ण फ्रेमने शूट केलेलं असतं तर निभावलं असतं. खंजिरीला निभावणार नाही.

दुकानातल्या डिस्कवरून पुन्हा काही करू नका, पहिल्या पाल डिस्कवरूनही शक्यतो नको. मूळ कॅसेट आहेत का तुमच्याजवळ?

तर्रीपोहा
हो, दोन्ही कॅसेट आहेत, आईच्या गोदरेजच्या कपाटात होत्या, बुरशी वगैरे काही दिसत नाही. कॅमेरा नाही, ज्यानं शूट केलं त्यानं तो कधीचाच विकला. दुकानवाल्यानं पिवळी-पांढरी-लाल वायर लावून कॉम्प्युटरमध्ये घेतलं होतं एवढं आठवते.

झिरोमाईल
तिथूनच बिघडायला सुरुवात झाली मग. मिनीडीव्ही ही डिजिटल कॅसेट आहे, तिच्यावरचं चित्र आकड्यांतच आहे. पिवळ्या वायरने घेतलं की ते आधी अ‍ॅनालॉग होतं आणि मग परत डिजिटल, रंग पसरतात आणि कडा मऊ होतात. फायरवायरने (कॅमेऱ्यातला डिजिटल डेटा कॉम्प्युटरमध्ये नेणारी वायर) घ्या, म्हणजे कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा फाइलमध्ये उतरतो, कॉपीच ती. तासाला साधारण १३ जीबी लागतात, तुमच्या १०० मिनिटांना २२ जीबीच्या आसपास.

कॅमेरा पालचाच मागून घ्या, अमेरिकेतून आणलेला मिनीडीव्ही कॅमेरा असेल तर तो सहसा पालची कॅसेट वाचत नाही. नागपुरात बर्डीवर जुने कॅमेरे दुरुस्त करणारे अजून आहेत, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या लोकांच्या कपाटातही पडलेले असतात, भाड्याने मागा. हेड क्लीनर कॅसेट एकदा फिरवा, मग तुमची कॅसेट शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या म्हणजे इतक्या वर्षांची चिकटलेली टेप मोकळी होते, आणि मगच प्ले करा. कॉम्प्युटरमध्ये फायरवायर नसेल तर जुन्या डेस्कटॉपला कार्ड टाकता येतं. विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब, दोन्ही साधे आणि भरवशाचे. ड्रॉप फ्रेम म्हणजे सुटलेल्या फ्रेम किती आल्या तो आकडा शून्य दिसला पाहिजे, नाही दिसला तर तेवढा भाग पुन्हा घ्या.

आणि आवाज पाहून घ्या. मिनीडीव्हीत दोन प्रकार असतात, १६ बिट ४८ किलोहर्ट्झ आणि १२ बिट ३२ किलोहर्ट्झ. डीव्हीडीला ४८ च लागतं, म्हणून ३२ निघालं तर ते ४८ वर नेताना चांगला रिसँपलर वापरा, नाहीतर खंजिरीच्या झांजांचा आवाज पत्र्यासारखा येतो.

बजाजनगर_लिनक्स
एक विचारतो, सिनेमावाले पाल-एनटीएससी करताना फक्त वेग बदलतात ना, २५ चं २३.९७६ करून पुलडाउन लावतात, म्हणजे काही फील्ड पुन्हा दाखवून संख्या भरतात. फ्रेम नवीन बनवायचीच नाही, चित्र एकदम स्वच्छ राहतं. इथे ते का नको?

फुटाळा
मी व्हिडिओतलं फार जाणत नाही, गाणं शिकवते, पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. वेग बदलू नका हो. २५ चं २३.९७६ म्हणजे १०० मिनिटांचा कार्यक्रम १०४ मिनिटांच्या वर जाणार आणि पट्टी अर्ध्या स्वराच्या जवळपास खाली उतरणार, साधारण ०.७ सेमीटोन. काळी एकमध्ये गायलेलं भजन जवळजवळ पांढरी एकवर येऊन बसेल. ज्या बहिणीने भावाचा आवाज लहानपणापासून ऐकला तिला तो आवाज जड आणि थकलेला वाटेल, तिला कारण सांगता येणार नाही पण वाटेल नक्की. आता सॉफ्टवेअरने पट्टी जागेवर ठेवून लांबवता येतं हे माहीत आहे, पण खंजिरीची थाप तीक्ष्ण असते, ताणली की थापेच्या आधी एक पुसट थाप ऐकू येते. आणि लय तर मंदावतेच. खंजिरी भजनात लय हाच जीव आहे, तुकडोजी महाराजांची भजनं जागेवर बसून ऐकवत नाहीत ती त्या लयीमुळे.

झिरोमाईल
फुटाळा यांनी मनातलं लिहिलं. त्यांच्याशी शंभर टक्के सहमत.

बजाजनगर_लिनक्स, तो मार्ग पूर्ण फ्रेमवाल्या म्हणजे २५ प्रोग्रेसिव्ह मालासाठी आहे. हे ५० फील्डचं आहे, ते २३.९७६ वर आणायचं म्हणजे अर्धे क्षण फेकून द्यायचे. आणि माल २५ प्रोग्रेसिव्ह असला तरी वेग कमी करायची गरज नाही. ७२० बाय ४८० मध्ये २५ नेच एन्कोड करून डीजीपुलडाउनने २५ ते २९.९७ चे फ्लॅग म्हणजे प्लेअरसाठीच्या खुणा लावता येतात, मग कोणतं फील्ड दोनदा दाखवायचं ते प्लेअर फ्लॅग पाहून ठरवतो, आवाजाला हातही लावावा लागत नाही. नवीन कॅमेऱ्यावर २५ पी मध्ये लग्न शूट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, एनआरआय गिऱ्हाइकाला देताना याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही.

दूरदेशी
न्यू जर्सीतून लिहितोय, माहेर-सासर दोन्ही नागपूरच्या महाल भागातलं असलेल्या बायकोने हा धागा दाखवला. इकडचा अनुभव सांगतो. पाल चालवणारा प्लेअर ऑनलाइन मिळतो, पण तो घेऊनही भागत नाही कधीकधी, कारण प्लेअरने ५० हर्ट्झ बाहेर काढलं तर इकडचे बरेच टीव्ही एचडीएमआयवर ते घेतच नाहीत, काळा स्क्रीन किंवा सिग्नल सपोर्ट नाही असा मेसेज. प्लेअर आतल्या आत ६० करून देणारा पाहिजे. ब्लू-रेचंही तसंच, ५० हर्ट्झची ब्लू-रे इकडचे कित्येक प्लेअर नाकारतात, त्यामुळे ब्लू-रे करून पाठवतो म्हणणाऱ्यांनीही हे विचारात घ्या. पेनड्राइव्हवरची एमपीफोर टीव्हीवर चालून जाते बऱ्याचदा, ती सोबत पाठवा, पण आत्यांसाठी एनटीएससी डिस्कच बरोबर आहे.

तर्रीपोहा
सगळ्यांचे आभार. कॅमेरा मिळाला, गांधीबागेतल्या एका काकांनी पैसे न घेता दिला, बाबांना ओळखत होते ते. दोन्ही कॅसेट फायरवायरने उतरल्या, ड्रॉप शून्य. आवाज १६ बिट ४८ निघाला. आणि काय फरक आहे हो, झेंड्यावरची अक्षरं वाचता येऊन राहिली, दुकानाच्या डिस्कवर ती नुसती भगवी पट्टी होती. आता पुढे सांगा.

झिरोमाईल
ही डीव्ही फाइल आता तुमचा मास्टर. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि हिला कधी बदलू नका.

विंडोजवर असाल तर एव्हिसिंथ घ्या, म्हणजे स्क्रिप्ट लिहून व्हिडिओवर काम करायचं सॉफ्टवेअर. सगळ्यात आधी त्याला सांगायचं की खालचं फील्ड पहिलं आहे, कारण डीव्हीत नेहमी खालचं पहिलं असतं. हे उलटं झालं तर हात पुढे-मागे-पुढे-मागे थरथरतात, म्हणजे हालचालीचा क्रमच बिघडतो. मग त्यातल्या क्यूटीजीएमसी या स्क्रिप्टने प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करायची. सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम मिळतात, कंगवा गेला, एकही क्षण गेला नाही. हे सावकाश चालतं, रात्री लावून झोपा. मग ७२० बाय ५७६ चं ७२० बाय ४८०. वर-खाली काही कापायचं नाही, काळ्या पट्ट्या लावायच्या नाहीत, पूर्ण उंची ४८० मध्ये बसवायची. कॉम्प्युटरवर चित्र थोडं चपटं दिसेल, घाबरू नका, दोन्ही स्टँडर्डमध्ये पिक्सेल चौकोनी नसतात आणि दोन्हींचा आकार वेगळा असतो. टीव्हीवर ४:३ मध्ये खंजिरी गोल दिसली म्हणजे बरोबर.

आता ५० चे ५९.९४. इथे तीन रस्ते आहेत आणि खरा निर्णय इथेच आहे. चेंजएफपीएस दर पाच फ्रेममागे एक पुन्हा दाखवतो, नवीन काही बनवत नाही. कन्व्हर्टएफपीएस शेजारच्या दोन फ्रेम मिसळतो. आणि एमव्हीटूल्सचा एमफ्लोएफपीएस हालचाल कुठून कुठे गेली ते शोधून मधली फ्रेम नव्याने तयार करतो. टीव्ही चॅनलवाले याच कामाला स्नेल अँड विलकॉक्सचं अल्केमिस्ट मशीन वापरायचे, तेही हालचाल मोजूनच काम करायचं आणि त्याची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नव्हती. त्याच्याही आधी, अगदी सुरुवातीला, एका स्टँडर्डच्या स्क्रीनसमोर दुसऱ्या स्टँडर्डचा कॅमेरा उभा करून चित्र उचलत. आज तेच काम घरच्या कॉम्प्युटरवर होतं, म्हणून मला राग येतो की पैसे घेऊन लोकांना चार हातांचे बाप दिले जातात.

तुम्ही एक मिनिटाचा तुकडा निवडा, बाबांचे हात सगळ्यात वेगात आहेत तो. तिन्ही प्रकारे करा, शेवटी फील्ड परत विणा (सेपरेटफील्ड्स, मग चारातलं पहिलं आणि चौथं घ्यायचं, मग वीव्ह), री-रायटेबल डिस्कवर टाका आणि टीव्हीवर पहा. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर ठरवू नका, तो फील्ड दाखवत नाही. आणि प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप एनटीएससी करा, पालवर असेल तर प्लेअर स्वतःच परत पाल करून दाखवेल आणि तुम्ही भलतंच पाहत बसाल.

बजाजनगर_लिनक्स
लिनक्सवाल्यांसाठी हेच एफएफएमपेगमध्ये: बीडब्ल्यूडिफ दर फील्डला एक फ्रेम या सेटिंगवर, मग स्केल, मग एफपीएस फिल्टरमध्ये ६०००० भागिले १००१ (हा रिपीटचा मार्ग) किंवा मिनइंटरपोलेट (हा हालचालीचा मार्ग), शेवटी टीइंटरलेस. एन्कोड करताना इंटरलेसचे दोन्ही फ्लॅग द्यायला विसरू नका. मी माझ्याजवळच्या एका पाल क्लिपवर लावून पाहिलं, टार्गेटवाल्या नुसत्या ओळीत आणि यात फार फरक आहे, क्रिकेटचा बॉल ओळखू येतो यात.

तर्रीपोहा
केलं. आमच्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर पाहिलं, आई आणि धाकटा भाऊ सोबत होते, त्यांना कोणता कसा केला ते सांगितलं नव्हतं.

मिसळलेल्यात परत भुताचे हात, तो बाद. हालचाल शोधणारा एकदम गुळगुळीत, मंडपावरून कॅमेरा फिरतो तो भाग तर असा सुंदर की बस. पण बाबांची बोटं जोरात चालतात तिथे बोटांची टोकं खंजिरीच्या कडेत वितळल्यासारखी होतात आणि झांजांजवळ चित्र पातळ होऊन सांडते. आई लगेच म्हणाली, याच्यात बोटं खोटी वाटतात. रिपीटवाल्यात बोटं स्वच्छ, एकेक दिसते, पण कॅमेरा फिरताना बारीक थरथर आहे. आता काय घेऊ?

झिरोमाईल
आईंनी बरोबर पकडलं. वेगात एकमेकांवरून जाणारी बोटं त्या सॉफ्टवेअरला समजत नाहीत, कोणतं बोट कुठे गेलं हे त्याला ठरवता येत नाही आणि तो मधलंच काहीतरी काढतो. माझं मत पक्कं आहे: ज्याच्यासाठी ही डिस्क पाहिली जाणार ते हात आहेत, तिथे कॅमेऱ्याने जे टिपलं तेच दिसलं पाहिजे. म्हणून रिपीट.

पण दोन्ही घेता येतात. रिपीट आणि हालचालवाला, दोन्ही ५९.९४ फ्रेमचे आहेत, लांबी सारखी, फ्रेम नंबरही जुळतात. फील्ड परत विणायच्या आधी ट्रिम वापरून जोडा: कॅमेरा स्टँडवर स्थिर आहे तिथे रिपीटवाला आणि कॅमेरा मंडपावरून फिरतो तिथे हालचालवाला. तुमचं बहुतेक शूटिंग स्टँडवरच आहे असं दिसतं, म्हणजे जोड थोडेच लागतील. आवाज वेगळा ठेवा, तो एकच सलग लावायचा.

मधल्या टप्प्याला एनटीएससी डीव्ही फाइल करू नका, पुष्कळ जण सोयीसाठी करतात. पाल डीव्हीत रंगाची माहिती उभ्या दिशेने अर्धी केलेली असते आणि आडवीही अर्धी, एनटीएससी डीव्हीत ती आडवी पाव करतात. एकातून दुसऱ्यात गेलं की दोन्हीकडचा तोटा पदरात पडतो, भगव्या टोप्यांच्या कडा वाहायला लागतात. त्यामुळे सरळ एव्हिसिंथमधून एमपेग-२ (डीव्हीडीचा व्हिडिओ फॉरमॅट) एन्कोडरला द्या. ब्राइटनेस, ब्लॅक लेव्हल, रंग काहीही बदलू नका. अमेरिकेत काळा रंग ७.५ टक्के पातळीवर असतो असं वाचून लोक काळं उचलून ठेवतात, ते प्लेअरचं काम आहे, फाइलमध्ये करायचं नाही. शार्प तर अजिबात नाही, बारीक आडव्या रेघा, साडीचे काठ, सतरंजीचे पट्टे लुकलुकायला लागतात.

एन्कोडला एचसी एन्कोडर चांगला आहे, दोन पास. १०० मिनिटं ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवायची तर चित्र आणि आवाज मिळून ६.२ एमबीपीएसच्या आसपास येतात. मेनू आणि थोडी मोकळी जागा सोडून चित्राला सरासरी ५.७ द्या, जास्तीत जास्त ८. नियम ९.८ पर्यंत परवानगी देतो पण बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर वरच्या आकड्यांना अडखळतात. जीओपी (एका पूर्ण फ्रेमपासून पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंतचा गट) एनटीएससीत १८ फ्रेमपर्यंत, पालचा १५ चा आकडा चालतो पण गरज नाही. आवाज एसी-३ मध्ये करा, १९२ किंवा २२४. पालच्या डिस्कवर एमपी२ आवाज सर्रास चालायचा, एनटीएससीच्या प्लेअरवर तो चालेलच असं बंधन नाही, म्हणजे चित्र येईल आणि भजन ऐकू येणार नाही असंही होऊ शकतं.

शेवटी डीव्हीडीस्टायलरमध्ये (मेनू आणि डिस्क बनवायचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट उघडतानाच एनटीएससी आणि ४:३ निवडा. ते पालवर राहिलं तर तो तुमची सगळी मेहनत परत एकदा स्वतःच्या पद्धतीने कन्व्हर्ट करून टाकेल. एन्कोड केलेली फाइल तशीच घे अशी सेटिंग त्यात आहे, ती पहा.

इतवारीकर
आता माझा भाग. डीव्हीडी-आर घ्या, प्लस-आर नको, जुन्या प्लेअरना मायनस जास्त मानवते. ४ किंवा ८ स्पीडवर बर्न, १६ वर नाही. बर्न झाल्यावर व्हेरिफाय होऊ द्या, घाई करून डिस्क काढू नका. कागदी स्टिकर लावू नका बाप्पा, एक बाजू जड झाली की डिस्क प्लेअरमध्ये हलते आणि गरम झालं की स्टिकर उकलते, मग डिस्क आत अडकते. डिस्कसाठीचा मार्कर येतो त्यानं लिहा, मधल्या पारदर्शक गोलावर लिहिलं तं अजून चांगलं. दोन कॉपी पाठवा, कडक डबीत. आणि कुरिअरला देईपर्यंत गाडीत ठेवू नका, आपल्या उन्हात बर्न केलेली डिस्क गाडीच्या काचेमागे दोन दिवस राहिली तं वाचायची गॅरंटी नाही.

तर्रीपोहा
डिस्क पोचली. आत्याच्या मुलाने परत मोबाइलवर शूट करून पाठवलं, या वेळी चार हात नाहीत, खंजिरी गोल आहे, कॅमेरा फिरतो तिथे जोड कुठे आहे ते मलाही सापडत नाही. आत्या एका भजनापाशी थांबवून थांबवून पाहते म्हणे. झिरोमाईल, फुटाळा, इतवारीकर, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. गांधीबागेतल्या काकांना पण एक कॉपी दिली, पालमध्ये.

कोराडीरोड
याच धाग्यावर उलटा प्रश्न विचारू का? माझ्या भावाने अमेरिकेतून आणलेल्या कॅमेऱ्यावर, म्हणजे एनटीएससी, २००२ मध्ये इथे नागपूरलाच बहिणीचं लग्न शूट केलं होतं. त्याची फाइल आहे, आईसाठी डीव्हीडी करायची आहे. पाल करू का? आणि हॉलमधल्या सगळ्या शूटिंगमध्ये उजेड एकसारखा कमी-जास्त होतो, ते जाईल का?

झिरोमाईल
पाल करू नका. आई इथेच आहेत, इथला प्लेअर आणि टीव्ही दोघंही एनटीएससी घेतात, मग कन्व्हर्ट करून चित्र कशाला खराब करायचं. एनटीएससीचीच डिस्क करा, फील्डचा क्रम तोच, खालचं पहिलं, फाइलला जसा आहे तसा.

उजेडाचं कारण ट्यूबलाइट. जुन्या चोकच्या ट्यूब आपल्या ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि तो कॅमेरा सेकंदाला ६० च्या हिशेबाने टिपत होता, दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून ती धडधड दिसते. शूट करतानाच शटर १/१०० ठेवलं असतं तर आली नसती. आता एव्हिसिंथमध्ये डीफ्लिकर नावाचा फिल्टर आहे तो पहा, फील्ड सुटे करून प्रत्येक फील्डवर लावा, विणलेल्या फ्रेमवर लावाल तर दोन फील्डचा उजेड वेगळा असल्यामुळे त्याला पत्ता लागत नाही. पूर्ण जात नाही, पण डोळ्याला खुपणार नाही इतकं होतं. हॉलचा भागच फिल्टरमधून काढा, बाहेरची वरात आणि दिवसाचे विधी तसेच राहू द्या. आणि आईंच्या प्लेअरमध्ये टीव्ही टाइप मल्टी किंवा ऑटो आहे का ते एकदा बघा.